जलविभाजक

पुस्तकात ती तपकिरी सुरवंटासारखी.
नगरकडून शिरते, बीडच्या पोटातून वळवळत
धाराशिवच्या पुढे कुठेतरी छपाईत विरते.
खाली नाव: बालाघाट. गुण दोन.

पौषात सातवीचा वर्ग पाटोद्याच्या वर नेला.
सव्वीस मुलं, एक बाटली पाणी, खिशात शिट्टी.
शिखर कुठंय, सर?
शिखर नव्हतंच.
चढ संपला हे कळलं ते वाऱ्यानं टोपी नेली तेव्हा.
पुढं नुसता माळ,
पिवळं पडलेलं पवन्या गवत, हेकळीचे काटे,
फटीत पाय अडकल्यासारखा उभा एखादा धावडा,
आणि सीताफळींवर
काळी ठिक्कर सुकलेली, कुणी न तोडलेली फळं.
कुसळं मोज्यांत शिरली.
ती उपटत बसलेल्या पोरांना म्हणालो,
बघा, गवत असं प्रवास करतं.
कुणी बघितलं नाही.

रस्त्यासाठी फोडलेल्या दरडीत थर मोजायला लावले.
काळा. काळा. मग वीतभर लाल. मग पुन्हा काळा.
हा लाल म्हणजे,
एक लाव्हा निवला होता आणि दुसरा यायचा होता
त्या मधल्या काळाची माती.
पाऊस पडत असेल तिच्यावर, बघायला कुणी नसेल.
फैयाजनं बोट फिरवलं, लाल झालं,
अंगदनं ते आपल्या कपाळाला पुसून घेतलं.

मग माथ्यावर,
जिथं नकाशातली रेषा असायला हवी तिथं,
बाटली उघडली.
इकडं सांडलं तर सिंदफणा, पुढं गोदावरी.
तिकडं मांजरा: ती पाठ फिरवून निघते,
लांबच लांब हिंडून शेवटी गोदावरीच्याच दारात.
आणि या अंगाला विंचरणा, सीना, भीमा,
म्हणजे कृष्णा.
एका बाटलीतले थेंब,
समुद्रापर्यंत एकमेकांचं तोंड बघणार नाहीत.
हे वाक्य मी घरी तयार करून आणलं होतं.
पोरांनी पैजा लावल्या. दहा दहा बोरांच्या.

ओतलं.
तळहाताएवढा मुरूम काळा झाला.
एक बुडबुडा आला, फुटला.
सव्वीस डोकी वाकलेली.
एक मुंगळा आला, कडेकडेनं फिरून गेला.
पाणी कुठंच गेलं नाही.

म्हाळसा देवकते, वर्गात कधी हात वर न करणारी,
महिन्यातले दहा दिवस शेळ्यांमागं,
हजेरीत माझ्याच अक्षरात गैरहजर,
म्हणाली,
सर, ते जाताना आसं दिसत नस्तंय.
चला, दावते.

घाणेरीतून वाकून, कड्याच्या खालच्या अंगाला.
तोच लाल पट्टा इथंही वळून आला होता
आणि त्याच्या बरोब्बर वर खडकाला घाम फुटला होता.
झरा म्हणावा असा नाही.
एक थेंब. मग बराच वेळ काही नाही.
मग थेंब.
खाली नेच्याची बोटभर पानं, दोन गांधीलमाश्या,
चिखलात मोराच्या पायांचे त्रिशूळ,
बाजूला तरसाची खडूसारखी पांढरी लीद.
लाल आडवी पडल्याली हाय ना, म्हाळसा म्हणाली,
खाली जाऊ देत न्हाई. मंग भाईर यावंच लागतंय.

आपण ओतलं ते कधी येईल?
तिनं माझ्याकडं असं बघितलं
जसं मी पाढे चुकणाऱ्याकडं बघतो.
हे आत्ताचं, ती म्हणाली,
मह्या बापाच्या लहानपणचं आसंल.

वही काढली. रेषा ओढली, खोडली.
सूचीत नदीला चिन्ह आहे, विहिरीला आहे,
देवळाला, रेल्वे फाटकाला आहे.
पेन्सिल कानावर ठेवून मीही
त्या थेंबाखाली ओंजळ धरून बसलो,
रांगेत, फैयाजच्या मागं.

उतरताना पैज कोण जिंकलं यावर भांडण.
मी निकाल दिला नाही.
म्हणून मग बोरं सगळ्यांनीच खाल्ली,
आणि माथ्यावरून चालत
बिया
ज्याला जिकडं वाटलं तिकडं थुंकल्या.